सगळ्यांत आधी कोण उठतं

मॅडम,

मी हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही आज असतात तरी तुम्हाला यातलं अक्षरही वाचता आलं नसतं. आपलं सगळं इंग्रजीत चालायचं, आणि इंग्रजीत मी तुमच्याशी एकदा धडधडीत खोटं बोलले आहे. त्या भाषेत पुन्हा तुमच्यासमोर यायला मला तोंड नाही. मराठी ही माझ्या शाळेची भाषा, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या दोन खोल्यांच्या शाळेची. तिथल्या बाई खोटं बोललं की हातावर पट्टी मारायच्या. तुम्ही कधी कुणावर हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत, आणि मला आता वाटतं की तिथेच तुमचं चुकलं. मला एक पट्टी तेव्हाच बसायला हवी होती.

आज दिवसभर डोकं भणभणतंय. सकाळी शारजातल्या एका हॉटेलात शिक्षिकांसाठी ट्रेनिंग घेतलं. विषय नेहमीचाच, बालसंरक्षण. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आणि या विषयाला मधल्या काळात बरे दिवस आलेत. कायदा आहे, हेल्पलाइन आहे, माझ्या कार्डावर माझ्या नावापेक्षा माझा हुद्दा लांब आहे. तरी त्या गारठलेल्या हॉलमध्ये उभं राहिलं की वाटतं, आपण सगळ्या बिस्किटं खायला जमलोय. पहिल्या रांगेतल्या दोघी तर सुरुवातीलाच सर्टिफिकेट किती वाजता मिळणार ते विचारत होत्या. चौथ्या स्लाइडवर तुमचा प्रश्न होता. एखाद्या घरात लहान मुलीला कामाला जुंपलंय अशी शंका आली, तर तुम्ही कधीच विचारायचा नाहीत की ही मुलगी काम करते का. त्याला सगळे नाहीच म्हणतात. तुम्ही चहाचा घोट घेत, गप्पा मारल्यासारखं, त्या मुलीलाच विचारायचात: घरात सगळ्यांत आधी कोण उठतं? त्यावर मूल खोटं बोलत नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नसतं. स्लाइड पाहून एक तरुण शिक्षिका म्हणाली, “मॅम, हा क्वेश्चन कोणी फ्रेम केलाय? सो सिंपल, पण काय ब्रिलियंट आहे!” मी म्हणाले, “स्टँडर्ड प्रॅक्टिस आहे.” तुमचा उल्लेख केला असता तर तुमच्याबद्दल बोलावं लागलं असतं, आणि बोलता बोलता शेवटी मी त्या फोटोपाशी येऊन पोचले असते. म्हणून मी पुढची स्लाइड लावली.

पार्किंगमध्ये गाडीत बसतेय तोच गावाहून फोन आला. माझ्या मावसबहिणीची मुलगी. तुम्ही तिला ओळखता. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि शारजातल्या रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायची. आता अठ्ठावीसची आहे, तिची स्वतःची मुलगी नऊ वर्षांची आहे. “खाला, पोरगी हुशार आहे माझी,” ती म्हणाली. “तुमच्याकडं पाठवू का? तुमी मला नेलेलं तसं तिला न्या.” मी म्हणाले, “शुक्रवारी सांगते.” आज मंगळवार आहे. ती त्यानंतरही बरंच बोलली, ते पुढे लिहिते. आधी मला मागचं सगळं एकदा सरळ सांगू दे, कारण तुमच्याकडे मी ते नेहमी तुकड्यातुकड्यांत आणि मला सोयीचं तेवढंच सांगितलं.

तुम्ही केनियाहून आलात तेव्हा मी बालसंरक्षणाच्या त्या सेंटरमध्ये नवी होते. हिंदी, उर्दू, मराठी बोलणाऱ्या घरांत तुमच्याबरोबर जायचं आणि दुभाष्याचं काम करायचं, एवढीच माझी नोकरी. तुमचा बायोडाटा मी झेरॉक्स काढताना वाचला होता. समाजशास्त्रात डॉक्टरेट, खेड्यांतल्या मुलींच्या शाळांवर काम, मग निर्वासितांच्या छावण्या, मग तुमच्या राजधानीत सरकारी खात्यात स्त्री-पुरुष समानतेच्या सल्लागार. त्या खात्यात तुमचं टेबल स्टेशनरीच्या कोठीत होतं, आणि कुणी खडू न्यायला आलं की तुम्हाला खुर्ची सरकवून उभं राहावं लागायचं, हे तुम्ही हसत सांगायचात. इथे तरी वेगळं काय होतं? पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये एका साहेबानं रिकामा कप तुमच्या हातात दिला. तुम्ही तो घेतलात, टेबलावर ठेवलात, आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच्या रिपोर्टमधल्या चुका एकेक करून वाचून दाखवल्यात. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. नंतर लिफ्टमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात की चिडायला लागले तर दिवसभर दुसरं कामच होणार नाही. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. आता मात्र या बोलण्याचा राग येतो. तुम्ही थोडं चिडायला हवं होतं, मॅडम, निदान माझ्यावर तरी.

त्याच दिवसांत मला मुलगा झाला. मोठी मुलगी बारा वर्षांची, त्यानंतर इतक्या वर्षांनी हा. सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा कार्गोच्या ऑफिसात सकाळी जाऊन रात्री येणारा, आणि मला कामावर परतायचं होतं. मग आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांतून माणसं इकडे आली, की मागे राहिलेल्या गरीब नातलगांच्या मुलींपैकी एखादी आणायची हा रिवाज आहे. कामवाली म्हणून नव्हे, तौबा! घरातलीच मुलगी म्हणून. तिचं जेवणखाण, कपडेलत्ते, नंतर लग्न, सगळं आपण बघायचं. तिची आई दुवा देते, गावात आपलं नाव होतं, आणि घर चालतं. माझी मावसबहीण तर रडत माझ्या पाया पडायला आली होती. नवऱ्यानं ओळखीनं व्हिसा करून घेतला. मुलगी आली ती प्लास्टिकच्या पिशवीत दोन ड्रेस आणि चौथीपर्यंतची मराठी पुस्तकं घेऊन. पाचवी तिची अर्धवट सुटली होती. “इकडे आली की शाळेत घालू,” असं मी तिच्या आईला म्हणाले होते आणि म्हणताना ते मला खरंच वाटत होतं. म्हणजे मी सकाळी नऊ वाजता तुमच्याबरोबर लोकांच्या घरी जाऊन तुमचा तो प्रश्न विचारत होते, आणि मला नऊ वाजता बाहेर पडता यावं म्हणून माझ्या घरात एक मुलगी पहाटेच उठत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाच त्या अंधाराच्या जिवावर जळत होता.

मग तो शुक्रवार. जुम्म्याची नमाज झाल्यावर मी तुम्हाला जेवायला बोलावलं होतं. खाली आमच्या बिल्डिंगच्या नातूरनं, म्हणजे वॉचमननं, तुम्हाला विचारलं की कुठल्या फ्लॅटमध्ये काम करता. वर सासूबाईंनी दार उघडलं आणि मला हाक मारून सांगितलं, “अगं, एजन्सीची कामाची बाई आलीय बघ.” मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुम्ही सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतलेत आणि त्यांची तब्येत विचारलीत. आमच्या जेवणावर तुम्ही खूश होतात. तुमच्याही किनाऱ्यावर नारळाच्या रसात मासे शिजतात, भात शिजतो, आणि शेकडो वर्षांपूर्वी आपल्या दोन्ही किनाऱ्यांवरची गलबतं एकमेकांकडे जायची, असं तुम्ही माझ्या मुलीला सांगत होतात. ती “ओह, ओके,” म्हणत होती. तांदळाच्या भाकऱ्या गरमगरम येत होत्या. चौथी की पाचवी भाकरी वाढायला ती मुलगी आली, तेव्हा तुम्ही तिचा हात पाहिलात. मनगटावर तव्याचा चटका होता, बोटभर लांब. तिच्या कडेवर माझा मुलगा होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि इंग्रजीत म्हणालात, “तिला विचार.”

काय विचारायचं ते तुम्ही बोललाही नाहीत. मी तो प्रश्न त्याआधी कितीतरी स्वयंपाकघरांत विचारला होता. मी विचारलं, “मॅडम विचारतायत, घरात सगळ्यांत आधी कोण उठतं?” ती खुदकन हसली. अभिमानानं म्हणाली, “मी. आधी मी, मग बाळ. खालाला आमी उठवतच नाय, रात्री दमून येते ती.” हे तुम्हाला इंग्रजीत सांगायचं काम माझंच होतं. मी सांगितलं. सासूबाईंना यातलं काहीच कळलं नाही, त्या तुम्हाला आणखी सालन घ्या म्हणत राहिल्या. तुम्ही घेतलंत. जेवून झाल्यावर स्वतःची थाळी उचलून आत गेलात आणि सिंकपाशी त्या मुलीशेजारी उभं राहून ती धुतलीत.

रविवारी आपल्याला खोर फक्कानला जायचं होतं, तिथल्या एका शाळेत. डोंगरातला तो लांब रस्ता, गाडीत आपण दोघीच. मी तुमच्या आधीच सुरुवात केली. ती आमच्या घरातलीच आहे, तिला कुणी रागावून बोलत नाही, तिच्या गावी तिला काय मिळालं असतं, ईदला दोघी मुलींना सारखेच कपडे घेतले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “वाईट बायांशी कसं वागायचं ते मला इतक्या वर्षांत नीट कळलंय. तुझ्यासारख्या चांगल्या बायांचं काय करायचं, ते मात्र अजून कळत नाही.” मला रडू आलं, रागानं. मनात म्हणाले, तुमचं काय जातं बोलायला, तुम्हाला ना सासू ना तान्हं मूल.

शाळेतलं काम उरकून आपण बंदराच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून बसलो. क्रेन कंटेनर उचलत होत्या. तेव्हा तुम्ही तुमच्या घरातल्या मुलीची गोष्ट सांगितलीत. तुमचे वडील बंदरावर कारकून. तुमच्या आईच्या गावाहून एक मुलगी आणलेली, तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठी. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पेज शिजवायची, तुमचं दप्तर भरायची, ते पाठीवर घेऊन तुम्हाला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायची. फाटकात दप्तर तुमच्या पाठीवर द्यायची आणि घंटा होईपर्यंत बाहेर उभी राहायची. “सात वर्षं ती रोज शाळेत आली,” तुम्ही म्हणालात, “फक्त फाटकाच्या आत कधी आली नाही. मी मुलींच्या शिक्षणावर प्रबंध लिहिला, आणि त्यात तिच्याबद्दल एक ओळ नाही.” तिचं पुढे काय झालं, मी विचारलं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला ते माहीतच नव्हतं असं मला वाटतं, आणि तुमची ती सगळी वणवण, छावण्या, कोठीतलं टेबल, हे सगळं त्या माहीत नसण्यापायीच असावं.

दोन दिवसांनी तुम्ही ऑफिसात एक दप्तर आणलंत. गडद निळं, दोन कप्पे, बाजूला बाटलीची जाळी. रोल्लातल्या दुकानातून स्वतः निवडलेलं. “हे तिचं,” म्हणालात, “एप्रिलपासून, शाळा सुरू झाल्या की.” आणि मी कबूल झाले. मी प्रयत्न केलेच नाहीत असं नाही, मॅडम. दोन शाळांत गेले. तिचा शाळेचा दाखला मराठीत, त्याचं भाषांतर करून त्यावर शिक्के हवे, तिचा व्हिसा त्या प्रकारचा नाही, वय पाहता सातवीत बसायला हवी आणि इंग्रजी येत नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, “इन्शाल्ला नेक्स्ट इयर.” मी तिच्या त्या इन्शाल्लावर टेकले आणि घरी आले. सगळ्या अडचणी खऱ्या होत्या. फक्त माझ्या पोटच्या मुलीच्या वाटेत त्याच अडचणी आल्या असत्या, तर मी त्या काउंटरवर डोकं फोडून घेतलं असतं. घरी बाळ दात येत असल्यानं किरकिरत होतं. नेक्स्ट इयर तर नेक्स्ट इयर, असं म्हणून मी ते दप्तर चपलांच्या कपाटावर ठेवलं.

तुमचं काँट्रॅक्ट संपलं, नवं कुणी केलं नाही, आणि तुम्ही परत गेलात. पुढच्या एप्रिलमध्ये तुमची मेल आली. तुम्ही हॉस्पिटलात होतात. आजाराबद्दल एक ओळ, बाकी सगळं कामाबद्दल, आणि शेवटी विचारलेलं, आपली मुलगी शाळेत गेली का? मी लिहिलं, हो, गेली. तुम्ही दुसऱ्याच दिवशी उलट लिहिलंत की फार आनंद झाला, पहिल्या दिवसाचा फोटो असेल तर पाठव, इथे भिंतीकडे बघून कंटाळा येतो. आता काय करायचं? मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मरणाऱ्या माणसाला एवढं सुख दिलं तर त्यात पाप नाही. माझ्या मुलीचा जास्तीचा युनिफॉर्म काढला. त्या मुलीला घातला. हात थोडे आखूड झाले. केसांना रिबनी लावल्या, तुमचं दप्तर पाठीवर दिलं आणि खाली नेऊन बिल्डिंगच्या दारासमोर उभं केलं. मी काही बोलले नव्हते. तिनं विचारलं, “आज जायचं, खाला?” मी म्हणाले, “आज फोटो काढू.” ती सरळ उभी राहिली, हनुवटी वर करून. इतकी हसली की डोळे बारीक झाले. वर आल्यावर तिनं युनिफॉर्म काढून, घडी घालून माझ्या मुलीच्या कपाटात ठेवला आणि भाकरीच्या पिठाला पाणी गरम करत ठेवलं.

तुमचं उत्तर आलं. तुम्ही लिहिलं होतं की तिचे बूट नवे नाहीत, नवे घेऊन दे. बाकी काही नाही. तीन आठवड्यांनी तुम्ही गेल्याचं ऑफिसातून कळलं. म्हणजे तुम्हाला ते बूट पाहून कळलं होतं का, की खरंच तुम्हाला फक्त बूटच दिसले? चौदा वर्षं मी त्या एका ओळीचा कीस पाडतेय. अशी ओळ लिहून कुणी मरतं का? तुमच्यावर चिडायला मला काही हक्क नाही, तरी मी चिडते.

ती मुलगी चार वर्षं आमच्याकडे होती. माझा मुलगा केजीला जायला लागला, आणि तिचं घरात काही काम उरलं नाही. “काम उरलं नाही” हे शब्द माझेच, नवऱ्याशी बोलताना माझ्या तोंडून गेले, आणि घरातलीच मुलगी म्हणजे कोण ते त्या एका वाक्यात बाहेर पडलं. तिला परत पाठवलं. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं, त्याला मी हात सैल सोडून मदत केली, आणि गावात माझं नाव झालं.

आता आजचा फोन. मी तिला म्हणाले, “अगं, गावात हायस्कूल आहे की. आता तर बस पण जाते.”

“आहे ना. पण ती ऐकत नाय. तिला माझीच शाळा पायजे.”

“तुझी कुठली शाळा?”

तोंडाशी हात धरल्यासारखा तिचा आवाज आला. “फोटो आहे ना खाला, दप्तर लावलेला. तुमी मला कॉपी दिलेली. हॉलमध्ये लावलाय. इकडं सगळ्यांना वाटतं मी दुबईला शिकलेय. पोरगी शाळेत सगळ्यांना सांगते. तिला काय बोलू नका हां.”

मी ती कॉपी दिल्याचं विसरूनही गेले होते. तुम्हाला सुख देण्यासाठी केलेला फोटो तिनं सासरी जाताना बरोबर नेला, भिंतीवर टांगला, आणि त्याच्या आधारावर दहा वर्षं मान वर करून जगली. तेवढ्यात मुलीनंच फोन ओढून घेतला. “नानी, मम्मीच्या शाळेत लायब्ररी आहे?” मी म्हणाले, आहे. “मम्मी सातवीत कुठल्या वर्गात बसायची, ते दाखवाल?” मी म्हणाले, आधी मम्मीला दे फोन.

“खाला,” ती म्हणाली, आणि या वेळी आवाज चोरटा नव्हता, “एक सांगते, राग मानू नका. पयलं शाळेत नाव. कागद हातात आला की मग तिकीट. नायतर नको, ती इकडं बरी आहे. आणि सकाळी ती शाळेसाठी उठंल. दुसऱ्या कशासाठी नाय. त्या तुमच्या मॅडमनी विचारलेलं ना, सगळ्यांत आधी कोण उठतं म्हणून. मी तेव्हा हसलेले. मग तुमी कुणीच हसला नाय, ते मी विसरले नाय.”

मी संध्याकाळी माझ्या मुलीला फोन केला. ती दुबईतल्या बर दुबई भागात राहते, तिला तुम्ही आठवत असाल तर फार थोड्या. “मम्मा, आर यू सीरियस?” ती म्हणाली. “धिस इज लिटरली युवर जॉब!” मी म्हटलं, मी नाही म्हणू की हो म्हणू ते सांग. ती म्हणाली, “आय डोन्ट नो. आस्क हर, नॉट मी.” तुम्ही दोघींनी ठरवून बोलल्यासारखं.

विचार तिला. ठीक आहे. म्हणून उद्या मी माझ्या मुलीच्या जुन्या शाळेत जाणार आहे. फॉर्म ऑनलाइन काढलाय, तो पुढ्यात आहे. पालकाच्या जागी कोण, व्हिसा कुठला, सगळे तेच प्रश्न, आणि या खेपेला प्रत्येकाचं उत्तर कुठल्या टेबलावर मिळतं ते मला पाठ आहे, कारण मी गेली कित्येक वर्षं ते दुसऱ्यांना शिकवतेय. दुसऱ्या पानावर एक रकाना आहे: पालकांपैकी कोणी या शाळेचा माजी विद्यार्थी आहे का? असल्यास इयत्ता लिहा. तिथे मी बराच वेळ थांबले. मग ‘नाही’ वर खूण केली. जागा मिळाली तर शुक्रवारी सांगेन, नाही मिळाली तरी शुक्रवारी सांगेन, पण इन्शाल्ला नेक्स्ट इयर म्हणणार नाही. फोटोचं काय करायचं ते तिला विचारणार आहे. खोटं माझं होतं, पण भिंत तिची आहे. तिनं म्हटलं तर नऊ वर्षांच्या त्या मुलीला मी स्वतः सांगेन की तुझी आई शाळेत का गेली नाही. तिनं नको म्हटलं, तर तो वर्ग दाखवायला कुठल्या दारात उभी राहू ते मला अजून कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं? तुमच्या त्या मेलवर कधीच काही पोचणार नाही, आणि कबरीवर मराठी कोण वाचणार. फॉर्मच्या फाइलमध्ये ठेवते. पण मॅडम, फोटोचं तुम्हाला कदाचित कळलं असेल. दप्तराचं नक्कीच कळलं नसेल. फोटो काढला त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या दप्तराची चेन तुटली, आणि चपलांच्या कपाटावर तुमचं नवंकोरं पडून होतं. तिची वह्या-पुस्तकं त्यात त्या मुलीनंच भरून दिली. पुढची दोन वर्षं रोज सकाळी ती ते आपल्या पाठीवर घ्यायची, खाली बसपर्यंत न्यायची आणि बसच्या दारात माझ्या मुलीच्या पाठीवर द्यायची. मी वरच्या खिडकीतून बघायचे. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहायची.